एबुबेची करंगळी

आमच्या उमुओगू गावात एक गोष्ट सगळ्यांना माहीत आहे आणि कुणालाच माहीत नाही. नव्या यामच्या, म्हणजे नव्या कंदांच्या, सणाला जे एबुबे निघतं, ते पूर्वजांचं दैवत. वारुळातून वर येतं, मैदानात नाचतं आणि पुन्हा वारुळात जातं. लाकडी मुखवटा, गळ्यापासून पोटऱ्यांपर्यंत वाळक्या ताडपानांचा झगा, कमरेला घंटा, आणि आत कुणी नाही. पुरुषांना दीक्षा मिळाली की आत काय असतं ते कळतं. बायकांना कधीच कळत नाही. एबुबे आलं की आम्ही किंचाळत पळायचं, दाराआड लपायचं, आणि फटीतून बघून ठरवायचं की यंदा आत कोणाचा पोरगा आहे.

मी उझोआमाका. वय अडुसष्ट, गुडघ्यांचं विचारू नका. नवरा गेल्यावर माहेरी परत आले, कारण भाऊ-भावजय एकाच बस अपघातात गेले होते आणि त्यांचं पाच वर्षांचं पोर उघड्यावर पडलं होतं. तो आफाम. पूर्ण नाव आफामेफुना, म्हणजे 'माझं नाव हरवू नये'. बापानं मोठ्या हौसेनं ठेवलं होतं.

सहा वर्षांचा असताना तो उदारा नावाच्या फळझाडावरून पडला आणि डाव्या पायाची करंगळी मोडून घेतली. मी ती ताडतेलानं चोळली, बांबूची कामटी लावून बांधली. बांधायला चुकले. करंगळी शेजारच्या बोटाच्या डोक्यावर चढून बसली ती आजतागायत उतरलेली नाही. एकविसाव्या वर्षी तो सणाच्या दिवशी दुपारी 'जरा जाऊन येतो' म्हणून गेला, आणि तासाभरानं मैदानाकडच्या दाराच्या फटीतून मला झग्याखाली ती करंगळी नाचताना दिसली. तेव्हापासून अकरा वर्षं दर सणाला दिसली. माझ्या पोराइतकं चांगलं एबुबे गावानं पाहिलेलं नाही, हे मी कधी कुणाला म्हटलं नाही, कारण मला ते माहीतच नव्हतं.

अकराव्या वर्षी, त्याच सणाच्या दिवशी, इवेका मेला.

इवेका म्हणजे आमच्या शेताच्या बांधाला बांध असलेला शेजारी. दर पावसाळ्यात त्याचा बांध एक पाऊल आमच्याकडे चालत यायचा. सणाच्या आठ दिवस आधी आफामचं आणि त्याचं जोरात वाजलं. आफाम भर बाजारात म्हणाला, "पुन्हा बांध हलवलास तर त्याच बांधात पुरीन तुला." मग शेतात दोघंच असताना इवेकानं त्याचा कोयता हिसकावून नेला. सणाच्या दिवशी पाच वाजता इवेकानं ओनित्शा शहरातल्या भावाला फोन करून सवयीप्रमाणे सगळ्या जगाची तक्रार केली. सहाला तो शेतात मेलेला सापडला. मानेवर घाव, आणि बाजूला आफामचा कोयता, मुठीवर नाव कोरलेला. कोयता आधीच नेला होता हे सांगणारा एकटा आफाम, आणि दुसरा साक्षीदार मेलेला.

इवेकाला कोणी मारलं हे अजून कुणाला कळलेलं नाही. त्याच्याशी न भांडलेला माणूस शोधणं जास्त सोपं होतं. पण आफामनं मारलं नाही, हे पाचशे लोकांना माहीत होतं. चार ते साडेसहा तो त्यांच्या डोळ्यांसमोर मैदानात नाचत होता.

पोलीस इन्स्पेक्टर आला. परमुलखातला, दुसऱ्या भाषेचा, सोबत दुभाषा. आफामनं त्याला एवढंच सांगितलं, "मी गावात होतो. गावाला विचारा." इन्स्पेक्टरनं विचारलं. चार ते सातच्या दरम्यान कुणी आफामला पाहिलं का? पुरुषांनी एकमेकांकडे बघितलं. एबुबे मंडळाचा प्रमुख एजिओफोर, माझा चुलत भाऊ, माझ्याहून तीन वर्षांनी लहान, ज्याचा शेंबूड मी पुसलाय, तो छाती काढून म्हणाला, "नाही साहेब. त्या वेळात आफामला कुणीही पाहिलं नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. दीडशे पुरुष एका सुरात आफामला फासाकडे ढकलत होते आणि त्यांना वाटत होतं, आपण धर्म राखतोय.

इन्स्पेक्टर मग माझ्याकडे वळला. "आजी, तुम्ही पाहिलंत?"

मी म्हटलं, "नाही."

खोटं कशाला बोलू, तेव्हा मला वाटलं होतं की पुरुष मागच्या दारानं जाऊन काहीतरी निस्तरतील. हे लोक ताकाला जाऊन भांडं लपवणारे, पण घरच्या पोराला मरू देणार नाहीत. ती माझी चूक. तो 'नाही' कागदावर गेला, खाली मी सही केली, आणि अडीच वर्षं तो तिथेच राहिला.

खटला चालला. सरकारनं दिलेला वकील दुपारच्या सत्रात घोरायचा. न्यायाधीशांनी आफामला विचारलं, कुठे होतास? आफाम म्हणाला, "गावात." गावात कुठे? आफाम गप्प. धमकी होती, कोयता होता, आणि सगळं गाव सांगत होतं की पोरगा दिसला नाही. मी न्यायाधीश असते तरी हेच केलं असतं. मरेपर्यंत फाशी.

तुरुंगात त्याला भेटायला गेले तेव्हा वाळून काडी झाला होता. मी विचारलं, "तोंडात काय गुळणी धरून बसलायस का?"

"आत्या, शपथ घेतलीये मी. आतला माणूस सांगायचा नाही. मेलं तरी."

"शपथ देताना 'मेलं तरी' हे खरंच करून दाखवायचं असतं, असं सांगितलं होतं का रे त्यांनी?"

तो हसला. नंतर भिंतीकडे तोंड करून बसला. मी बाहेर येऊन तुरुंगाच्या दारात वाटाणे विकणाऱ्या बाईशेजारी फतकल मारली आणि पोटभर रडले. तिनं मला वाटाणे दिले, मी खाल्ले. रडून भूक लागते.

अपील करायला बॅरिस्टर आमुचे आली. कैद्यांची कामं फुकट करणाऱ्या एका संस्थेची पोरगी, बुटकी, बोलायला फटकळ. मला लगेच आवडली. ती म्हणाली, "मावशी, सहाशे पानं वाचली मी या खटल्याची. आफाम कुठे नव्हता ते सहाशे पानांत आहे. कुठे होता ते एकाही पानावर नाही."

मी विचारलं, "तुझ्या गावात यामचा सण होतो का गं?"

"होतो की."

"मग मला सांग, सणाच्या दुपारी एखादा धडधाकट, नाचणारा पोरगा गावात असून कुणालाच दिसत नाही. तर तो कुठे असेल?"

तिचं पेन थांबलं. तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं. मग म्हणाली, "मला काय माहीत? मी बाईमाणूस."

"मी पण," मी म्हटलं.

"पण मावशी, अपील कोर्ट डोळ्यांची भाषा वाचत नाही. कुणीतरी पुरुषानं येऊन तोंडानं सांगायला पाहिजे. तेही आता नवी साक्ष म्हणून, खास परवानगी काढून. अशी परवानगी फारशी मिळत नाही, पण अर्ज टाकते."

अर्जाच्या तारखेला मी तिच्याबरोबर शहरात गेले. अपील कोर्ट मी पहिल्यांदाच बघत होते. कुणीतरी दारावर तीन ठोके मारले, एक माणूस ओरडला, सगळे उठून उभे राहिले. मागच्या दारातून तीन जण आले. काळे झगे, डोक्यावर पांढऱ्या घोड्याच्या केसांचे टोप. मधला जो प्रमुख होता, ती बाई होती. पण सगळे तिच्याशी बोलताना 'माय लॉर्ड' म्हणत होते, पुरुषाला म्हणतात तसं. तिचं नाव कुणी घेत नव्हतं. तिच्याकडे पाठ करून कुणी जात नव्हतं, सगळे वाकून मागे मागे सरकत होते. माझी आमुचेसुद्धा झगा-टोप घातल्यावर वेगळीच दिसत होती, आवाजही बदलला होता. मी बाकावर बसून हे सगळं बघत होते आणि मला वाटत होतं, हे मी आधी कुठेतरी पाहिलंय. कुठे ते आठवेना.

माय लॉर्डनं अर्ज मंजूर केला. एका अटीवर. दोन महिन्यांत साक्षीदार उभा करायचा, नाहीतर आहे त्या कागदांवर निकाल.

गावात आल्या आल्या मी एजिओफोरच्या बैठकीत गेले. त्यानं रीतीप्रमाणे कोलाचं फळ पुढे ठेवलं, स्वतःच फोडलं, कारण बाईनं फोडायचं नसतं, आणि म्हणाला, "ताई, काय काम काढलंस?"

"आफाम सणाच्या दिवशी कुठे होता ते कोर्टात सांग."

"मला काय माहीत तो कुठे होता?"

"एजिओफोर, मांजर डोळे मिटून दूध पितं. माझ्यासमोर नको पिऊस."

त्यानं दोन्ही कानांवर हात ठेवले. खरोखर ठेवले. पासष्ट वर्षांचा बाप्या. म्हणाला, "ताई, तू काय बोलतेयस ते मला ऐकू येत नाही. चारशे वर्षांत हे कुणी उघड्यावर बोललेलं नाही. मी बोललो तर मेल्यावर बापाला काय तोंड दाखवू?"

"आणि आफामच्या बापाला काय दाखवणार आहेस?"

तो उठून आत निघून गेला.

तेव्हा मी माहेरवाशिणींना निरोप धाडले. आमच्यात गावची मुलगी लग्न होऊन कुठेही गेली तरी माहेरावरचा तिचा हक्क सुटत नाही. सगळ्या मिळून आल्या तर त्यांना कुणी अडवू शकत नाही, आणि त्या उठेपर्यंत त्यांना खाऊपिऊ घालणं पुरुषांवर बंधनकारक असतं. एकेचाळीस जणी आल्या. कुणी ओनित्शाहून, कुणी लागोसहून, एक तर कानोहून दोन दिवस बसमध्ये बसून. चटया, उशा, औषधांच्या बाटल्या घेऊन सगळ्या एजिओफोरच्या बैठकीत उतरलो. मी सगळ्यांत थोरली, म्हणून त्याच्या खुर्चीत मी.

पहिल्या दिवशी यामचा उकडलेला गोळा आणि कडू पाल्याचं कालवण. दुसऱ्या दिवशी आम्ही बकरा मागितला. तिसऱ्या दिवशी कालवणात मासा कमी आहे म्हणून पातेलं परत पाठवलं. दिवसभर आम्ही त्याच्या लहानपणीच्या गोष्टी सांगायचो, मोठ्यानं, त्याच्या नातवंडांसमोर. तो किती वर्षांचा होईपर्यंत अंथरूण ओलं करायचा यावर आमच्यात दोन मतं होती, दोन्ही बाजूंना साक्षीदार होते. एबुबेचं नाव कुणी काढलं नाही. गरजच नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळी तो आला आणि जमिनीवर बसला, माझ्या समोर. डोळे लाल होते.

"ताई, मला तो पोरगा नकोय का? मीच त्याला दीक्षा दिली. माझ्या हातानं..." आणि थांबला, कारण माझ्यासमोर पुढचं बोलायचं नव्हतं. "मी बोललोही असतो. पण चौकशी केलीये मी. तिथे मुख्य न्यायाधीश बाई आहे. वकील पण बाई. बाईसमोर ते कसं सांगू? पुरुषासमोर सांगणं हे पाप. बाईसमोर सांगणं याला तर नावच नाही."

कानोवालीनं पंखा हलवायचा थांबवला. आणि तेव्हा मला आठवलं, कोर्टात बघितलेलं ते मी आधी कुठे पाहिलं होतं.

"एजिओफोर," मी म्हटलं, "मी तिथे जाऊन आलेय. तिथे बाई नाही."

"म्हणजे?"

"आधी तीन ठोके वाजतात. माणूस पुढे ओरडत येतो. सगळे उभे राहतात. मग ते आतून येतं. अंगभर झगा, डोक्यावर दुसऱ्याच प्राण्याचे केस. त्याचं नाव घ्यायचं नाही. त्याला पाठ दाखवायची नाही. बाई असती तर बाई म्हणून हाक मारली असती ना? सगळे 'माय लॉर्ड' म्हणतात. ते बोलतं तेव्हा 'मी' म्हणत नाही, 'कोर्ट' म्हणतं. कोर्टाला असं वाटतं, कोर्ट असा हुकूम देतं. आता तू मला सांग, तू जाणकार आहेस. त्या झग्याच्या आत कुणी असतं का?"

एजिओफोरनं मागे वळून पाहिलं. त्याच्या मागे उभे असलेले म्हातारे आपसात कुजबुजायला लागले. एकानं विचारलं, "येताना वारुळातून येतं का?"

"मागच्या दारातून. तिथे आत कुणालाही जाऊ देत नाहीत."

म्हाताऱ्यानं मान डोलावली. "म्हणजे तेच."

"आणि ती वकील पोरगी?" एजिओफोरनं विचारलं.

"ती पण झगा घालते. टोप छोटा आहे तिचा. नवं दैवत असणार."

संध्याकाळी त्यांनी ठरवलं. आम्ही चटया गुंडाळल्या. जाताना कानोवाली एजिओफोरला म्हणाली, "दादा, पाहुणचार छान झाला. मासा तेवढा कमी होता."

तारखेला आफामला बेड्या घालून आणलं. पायात तुरुंगाचे बूट. त्यानं आम्हाला बघितलं आणि मान खाली घातली. एजिओफोर लाल टोपी घालून, पिढीजात दंड हातात घेऊन आला होता. बायबलवर शपथ नको म्हणाला, दंडावर घेतली. माय लॉर्ड मागच्या दारातून आल्या तेव्हा मी त्याच्याकडे बघत होते. त्यानं त्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि हळूच गुडघा टेकवला. जाणकारानं जाणकाराला ओळखावं तसा. मग म्हणाला, "माय लॉर्ड, मी बोलेन. पण इथे ज्या उघड्या बायका आहेत त्या बाहेर जाव्यात."

"उघड्या?"

"डोक्यावर केस नसलेल्या. म्हणजे तुमच्यासारखे."

कोर्टात खसखस पिकली. माय लॉर्डनं हसू येऊ दिलं नाही. म्हणाल्या, "साक्षीदाराच्या धर्मभावनेचा कोर्ट मान राखतं." आणि मी, जिनं हे सगळं घडवून आणलं ती मी, एकेचाळीस माहेरवाशिणींसकट बाहेर. टाइप करणारी पोरगीसुद्धा बाहेर. पण कोर्टाच्या मागच्या खिडकीची एक काच फुटलेली होती. सरकारी इमारत असल्याचा तेवढा फायदा. मी तिथे कधी कान लावला, कधी डोळा. बाकीच्या माझ्या पाठीला चिकटल्या.

आमुचेनं विचारलं, "सणाच्या दिवशी चार ते साडेसहा आफाम कुठे होता?"

एजिओफोरनं दंड जमिनीवर आपटल्याचा आवाज आला.

"मैदानात," तो म्हणाला.

"कुणी पाहिलं?"

"पाचशे लोकांनी."

"मग पोलिसांना 'पाहिलं नाही' का सांगितलंत?"

"त्यांनी आफामला पाहिलं का विचारलं. आफामला कुणीच पाहिलं नाही. एबुबेला पाहिलं."

"एबुबेच्या आत आफाम होता?"

"होता," एजिओफोर म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला. "माझ्या हातानं मी त्याला झगा घातला. देवा, मला क्षमा कर."

मी भिंतीला डोकं टेकलं. म्हाताऱ्याला मी चार दिवस छळलं होतं, त्या क्षणी त्याला जाऊन मिठी मारावीशी वाटली.

आमुचेनं मग मोबाइलवरचं चित्रण दाखवलं. लागोसहून सणाला आलेल्या एका जावयानं काढलेलं, तारीख-वेळेसकट. त्यात झग्याखालचे पाय स्पष्ट दिसत होते. आफामचा बूट काढायला लावला. करंगळी तिथेच होती, शेजारणीच्या डोक्यावर.

सरकारी वकील काही कच्चा नव्हता. उभा राहून म्हणाला, "माय लॉर्ड, चित्रण जुनं आहे हे मान्य. पण बोट कधी मोडलं? चित्रण बघून तुरुंगात पायावर दगड पाडून घेता येतो. फाशी चुकवायला माणूस करंगळी देईल."

एजिओफोरला ती करंगळी माहीत होती, तिची कथा माहीत नव्हती. ती एकाच माणसाला माहीत होती आणि ते माणूस खिडकीला कान लावून उभं होतं.

आमुचे म्हणाली, "माझी पुढची साक्षीदार, आरोपीची आत्या."

मी पिंजऱ्यात चढले. दोन पायऱ्यांना दोन मिनिटं लागली. बायबल हातात दिलं. खरं सांगेन, खऱ्याशिवाय काही नाही. मी झाडाचं सांगितलं, ताडतेलाचं सांगितलं, कामटीचं सांगितलं. "चुकीची बांधली. माझाच दोष. बोट सहाव्या वर्षापासून तसंच आहे. शाळेच्या दवाखान्याचा कागद आहे, हा घ्या. मास्तरांनी तेव्हा मला शिव्या घातल्या होत्या."

आमुचे बसली. तिनं एवढ्यासाठीच मला बोलावलं होतं. पण सरकारी वकील उठला. सहज, गोड आवाजात त्यानं विचारलं, "आजी, पोलिसांनी तुम्हालाही विचारलं होतं. कागदावर तुमची सही आहे. त्या दुपारी आफामला पाहिलं नाही, असं तुम्ही सांगितलंत. ते खरं होतं का?"

तोच प्रश्न, अडीच वर्षांनी. समोर गावचे पुरुष बसले होते. एजिओफोर डोळ्यांनी मला विनवत होता. पाहिलं म्हटलं तर चारशे वर्षांची झाकली मूठ माझ्या हातानं उघडणार. गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. पाहिलं नाही म्हटलं तर तो कागद पुन्हा खरा होणार, आणि वकील म्हणणार, बघा, घरच्या बाईनंही पाहिलं नाही. आफाम मान हलवत होता. नको आत्या, असं. गाढव पोरगं, फासावर जातानाही माझी अब्रू सांभाळत होतं.

मी म्हटलं, "खोटं होतं. मी पाहिलं. दाराच्या फटीतून पाहिलं, चार ते साडेसहा, दुसरीकडे नजर नेली नाही. अकरा वर्षं पाहतेय. त्या पायाला मी लहानाचा मोठा केलाय, झग्याखाली घातला म्हणून मला ओळखू येणार नाही? पोलिसाला मी नाही म्हटलं, कारण मला घाबरायची सवय होती. त्याला फाशी झाली ती माझ्या त्या एका शब्दानं पण झाली. आता काय करायचं ते माझं करा."

पुरुषांनी खाली बघितलं. माय लॉर्डनं चष्मा काढला. त्या पांढऱ्या केसांखाली दोन डोळे होते, आणि ते माझ्याकडे ज्या तऱ्हेनं बघत होते, त्यावरून मला कळलं की त्यांच्याही गावात सण होतो आणि त्यांच्याही घराच्या दाराला फट आहे. मग त्यांनी चष्मा घातला, पेन उचललं आणि शब्द न् शब्द स्वतःच्या हातानं लिहून घेतला.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. लांबलचक होता. मला त्यातलं एवढं कळलं की पोलिसांनी गावाला विचारलं, पण गाव कशाचं उत्तर देतंय हे समजून घेतलं नाही, आणि तो संशयाचा फायदा आरोपीचा. शेवटचा शब्द 'मुक्त'. बेड्या काढल्या तेव्हा आफामला उभं राहता येईना. मी खांदा दिला, दोघंही पडलो.

राहिला माझा प्रश्न. बाईनं एबुबे उघडं केलं तर शिक्षा काय, हे आमच्यात इतकं भयंकर आहे की कुणाला नक्की आठवतही नाही. पुरुषांची सभा बसली. मी घरी बसून चटई गुंडाळून ठेवली होती, हाकललं तर कानोवालीकडे जायचं ठरवलं होतं. संध्याकाळी एजिओफोर निकाल घेऊन आला. दारात उभा राहून घसा साफ केला.

"सभेनं विचार केला. कोर्टात बोलली ती उझोआमाका नव्हती. सगळ्या बायका बाहेर घालवल्या होत्या, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. नंतर ठोका वाजला, हुकूम झाला, आणि पिंजऱ्यात जे चढलं ते साक्षीदार होतं. त्याच्या आत कुणी नव्हतं."

मी म्हटलं, "साक्षीदाराचे गुडघे फार दुखत होते रे."

"दैवतांचे दुखत नाहीत," तो म्हणाला, आणि जाता जाता मागे वळला. "ताई, अंथरूण मी पाच वर्षांपर्यंतच ओलं करायचो. सात नाही. मुलींना सांग."

यंदा सण आला. आफाम अजून बारीक आहे, पण रोज कपभर ताडी पिऊन आणि माझ्या शिव्या खाऊन जरा सुधारलाय. दुपारी अंगणात घुटमळत होता. म्हणाला, "आत्या, जरा जाऊन येतो."

"जा," मी म्हटलं. "कुठे ते सांगू नकोस."

तासाभरानं घंटा वाजल्या. आम्ही बायका किंचाळत पळालो, मी सगळ्यांच्या शेवटी. दार लावलं, फटीला डोळा लावला. एबुबे माझ्या अंगणासमोर थांबलं आणि नाचलं. डावीकडे जरा अडखळत होतं. झग्याखाली पाहिलं तर पायात मोजे. लाल, गुडघ्यापर्यंतचे, फुटबॉलवाल्यांचे. सभेचा नवा ठराव. आता बघा म्हणावं करंगळी.

मी काही पाहिलं नाही. बाईमाणूस, मला काय कळतंय. पण भिंतीवरच्या कॅलेंडरवर, त्या तारखेच्या चौकोनात, मी बॉलपेननं लिहून ठेवलं: चार वाजून दहा मिनिटं. आणि साडेसहा वाजेपर्यंत फटीपाशीच उभी राहिले, मग तेही लिहिलं.